पाळकाने दहा आज्ञांच्या पाटीला विरोध का केला?

2005 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दोन खटले एकाच वेळी सुनावणीला आले. केंटकी राज्यातल्या दोन काउंटींच्या (म्हणजे जिल्ह्यांसारख्या विभागांच्या) न्यायालयांत बायबलमधल्या दहा आज्ञा चौकटीत घालून भिंतीवर लावल्या होत्या. टेक्सासच्या विधानभवनाच्या आवारात याच आज्ञा कोरलेला सहा फुटी ग्रॅनाइटचा दगड 1961 पासून उभा होता. सरकारी जागेत हे चालेल का, एवढाच प्रश्न. चालणार नाही असं न्यायालयाला लेखी कळवणाऱ्यांमध्ये ‘बॅप्टिस्ट जॉइंट कमिटी’ ही बॅप्टिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाची ख्रिस्ती संस्था होती. तिचे प्रमुख ब्रेंट वॉकर हे वकील तर होतेच, शिवाय रीतसर दीक्षा घेतलेले पाळकही होते.

दहा आज्ञा मानणारा, रविवारी प्रवचन करणारा माणूस त्याच आज्ञा सरकारी भिंतीवरून काढा म्हणतो, हे ऐकून कुणीही चक्रावेल. अमेरिकेतले कित्येक बॅप्टिस्टही चक्रावतात, चिडतातही. पण वॉकरांची भूमिका लहरीतून आलेली नव्हती. तिच्यामागे चारशे वर्षांपूर्वी सुरू झालेला छळ आहे, आणि त्या छळातून बॅप्टिस्टांनी काढलेला एक निष्कर्ष आहे. तो समजला की अशा वकिलाची सगळी कारकीर्द उलगडते.

बॅप्टिस्ट मंडळी तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. माणूस कळता झाला, त्याने स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केला, की मगच त्याला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा द्यायचा. वरवर हा विधीचा तपशील वाटतो. पण श्रद्धा ज्याची त्यानेच स्वीकारायची असेल, तर ती आईबापही देऊ शकत नाहीत, मग राजा कुठून देणार? सतराव्या शतकातल्या युरोपात राजाचा धर्म तोच प्रजेचा धर्म असायचा आणि बाळाचा बाप्तिस्मा म्हणजे एका अर्थी राज्याच्या दफ्तरातली नोंदच असायची. तिथे असं म्हणणं हा उघड राजद्रोह होता.

थॉमस हेल्विस या इंग्रज बॅप्टिस्टाने 1612 मध्ये नेमकं हेच छापलं. पाखंडी असो, तुर्क असो, ज्यू असो, त्याच्या श्रद्धेबद्दल त्याला शिक्षा करण्याचा अधिकार ऐहिक सत्तेला नाही, असं त्याचं म्हणणं. ‘तुर्क’ म्हणजे तेव्हाच्या भाषेत मुसलमान. आपल्या मूठभर पंथाला सवलत द्या एवढंच तो मागत नव्हता, ज्यांच्याशी त्याचं धर्माबाबत अजिबात पटत नव्हतं त्यांच्यासाठीही मागत होता. त्याला लंडनच्या न्यूगेट तुरुंगात टाकलं आणि तिथेच त्याचा अंत झाला.

अटलांटिक ओलांडूनही सुटका नव्हती. मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटन या कडव्या प्रॉटेस्टंट पंथाचं राज्य होतं, तेही इंग्लंडमधल्या छळाला कंटाळून आलेले. 1651 मध्ये ओबडाया होम्स हा बॅप्टिस्ट लिन या गावी एका म्हाताऱ्या, आंधळ्या धर्मबंधूच्या घरी प्रार्थनेला गेला. त्यासाठी त्याला अटक झाली आणि बॉस्टनमध्ये भर चौकात तीस फटके मारले गेले. त्याआधीच रॉजर विल्यम्सला मॅसॅच्युसेट्समधून हाकललं होतं. त्याने 1636 मध्ये प्रॉव्हिडन्स वसवलं आणि तिथून ऱ्होड आयलंडची वसाहत उभी राहिली. तिथे कुणालाही त्याच्या धर्मापायी सतावायचं नाही, असा दंडक होता. पुढे व्हर्जिनियात, अमेरिकी क्रांतीच्या तोंडावर, परवाना न घेता प्रवचन केल्याबद्दल बॅप्टिस्ट उपदेशकांना कोठडीत घालत. काहींनी गजांआडूनच प्रवचन चालू ठेवलं. शेजारच्या काउंटीत अशी पाच-सहा माणसं तुरुंगात आहेत, असं तेविशीच्या आतल्या एका तरुणाने जानेवारी 1774 मध्ये मित्राला संतापून लिहिलं. तो तरुण म्हणजे जेम्स मॅडिसन. पंधरा वर्षांनी अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचा मसुदा त्यानेच पुढे आणला.

(बॅप्टिस्ट हे नाव मराठीला अगदीच परकं नाही. 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापणारा विल्यम कॅरी हा इंग्रज बॅप्टिस्टच. ईस्ट इंडिया कंपनी मिशनऱ्यांना आपल्या मुलखात काम करू देत नव्हती, म्हणून डॅनिश अमलाखालच्या श्रीरामपूरला, बंगालात, त्याने बस्तान बसवलं. तिथे त्याला आसरा मिळाला नसता, तर ते व्याकरणही कदाचित झालं नसतं.)

पहिल्या दुरुस्तीत धर्माबद्दल एकाच वाक्यात दोन गोष्टी आहेत. सरकार कुठलाही धर्म प्रस्थापित करणार नाही, आणि धर्म पाळण्यावर बंदी घालणार नाही. या दोन बाजू एकमेकींविरुद्ध खेचतात असं अनेकांना वाटतं. पहिली धर्माला आवरणारी, दुसरी धर्माला मोकळीक देणारी. बॅप्टिस्ट वकील हे मान्य करत नाही. त्याच्या लेखी दोन्ही बाजू एकाच कामासाठी आहेत. माणूस आणि देव यांच्यामध्ये सरकारने पडू नये. सरकार माझ्या प्रार्थनेत अडथळा आणत असेल तर ते चूक, आणि सरकार माझ्यासाठी प्रार्थना म्हणत असेल तर तेही तितकंच चूक. राष्ट्राध्यक्ष जेफरसनने 1802 च्या पहिल्या जानेवारीला ‘राज्य आणि चर्च यांच्यातली भिंत’ हे गाजलेले शब्द लिहिले, तेही कनेटिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना दिलेल्या उत्तरात. तिथे सरकारमान्य चर्च होतं आणि आपलं धर्मस्वातंत्र्य हा हक्क नसून राज्याने केलेली मेहरबानी आहे, अशी त्या अल्पसंख्य बॅप्टिस्टांची तक्रार होती. हक्क आणि मेहरबानी यांतला हा फरक या वकिलांच्या तोंडी आजही सतत असतो.

आता वॉकर. फ्लोरिडातल्या टँपा शहरात एका मोठ्या लॉ फर्ममध्ये ते भागीदार होते, वकिलीत चांगला जम बसला होता. 1986 मध्ये त्यांनी ते सोडलं आणि केंटकीतल्या लुईव्हिलला धर्मशास्त्र शिकायला गेले. 1989 मध्ये वॉशिंग्टनला बॅप्टिस्ट जॉइंट कमिटीत रुजू झाले. आधी तिथले वकील, मग मुख्य वकील, 1999 पासून प्रमुख, आणि 2016 अखेर निवृत्त. म्हणजे सत्तावीस वर्षं एकाच प्रश्नावर. कॅपिटल हिलवरचं हे कार्यालय सर्वोच्च न्यायालय आणि काँग्रेस (म्हणजे अमेरिकी संसद), दोन्हींपासून चालण्याच्या अंतरावर आहे. जागा मुद्दाम तिथे आहे, कारण कामही दोन्हीकडे असतं.

या कामात बहुतेक वेळा अशील नसतो. खटला दोन पक्षांत चालतो आणि त्यांचे वकील वेगळे असतात. कमिटीसारखी संस्था ‘न्यायमित्र’ म्हणून लेखी निवेदन देते. निकालाचा परिणाम फिर्यादी आणि प्रतिवादी यांच्यापुरता राहणार नाही, आणखी कोणावर काय परिणाम होईल ते आम्ही सांगतो, असा त्याचा अर्थ. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या नियमांत याची चौकट फार काटेकोर आहे. निवेदन ठरलेल्या आकाराच्या पुस्तिकेतच छापायचं, शब्दांची मर्यादा पाळायची, चाळीस प्रती द्यायच्या. मुखपृष्ठाचा रंगही ठरलेला. अपील करणाऱ्याच्या बाजूने असाल किंवा कुणाच्याच बाजूने नसाल तर फिकट हिरवा, समोरच्या पक्षाच्या बाजूने असाल तर गडद हिरवा. मोठ्या खटल्यात अशा हिरव्या पुस्तिकांचा ढीग लागतो, त्यामुळे आपली पुस्तिका न्यायमूर्तींनी का उघडावी याचं कारण पहिल्या पानावर दिसावं लागतं. बॅप्टिस्टांकडे ते कारण असतं. धर्माचा कैवार घेऊन कुणी म्हणालं की सरकारचा पाठिंबा नको, तर न्यायाधीश थांबून वाचतो.

दहा आज्ञांच्या खटल्यांत कमिटीला नेमका याचा उपयोग होता. आज्ञा चांगल्या की वाईट हा वाद तिथे नव्हताच. ज्यू, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट या आज्ञांची मोजणी वेगवेगळी करतात, शब्दही थोडे वेगळे असतात. मग भिंतीवर लावायची प्रत कोणाची, हे काउंटीचे अधिकारी ठरवणार का? आणि त्या आज्ञा पवित्र नाहीत, त्या केवळ आमच्या कायद्याच्या इतिहासाचा भाग आहेत, असं म्हणून सरकारी वकील त्यांचा बचाव करतात, तेव्हा श्रद्धावान माणसाला ते लागायला हवं. ज्या आज्ञांना देवाची वाणी मानलं, त्यांना सरकारी इमारतीत टिकवण्यासाठी त्यांचं देवपण काढून टाकायचं, हा सौदा वॉकरांना मान्य नव्हता. मला या सगळ्या भूमिकेतला हा सर्वांत जोरकस मुद्दा वाटतो. न्यायालयाने मात्र निकाल विभागून दिला. 27 जून 2005 रोजी केंटकीच्या चौकटी पाच विरुद्ध चार मतांनी घटनाबाह्य ठरल्या आणि टेक्सासचा दगड पाच विरुद्ध चार मतांनीच राहिला. दोन्हीकडे पारडं फिरवलं ते न्यायमूर्ती ब्रायर यांच्या मताने.

ही झाली सरकारला धर्मापासून दूर ठेवण्याची बाजू. दुसरी बाजू, म्हणजे धर्म पाळण्याची मोकळीक, वॉकर आले तेव्हा फार अडचणीत येत होती आणि त्यांच्या कारकिर्दीतली पहिली मोठी लढाई तिथेच झाली.

ऑरेगन राज्यात दोन माणसं व्यसनमुक्ती संस्थेत समुपदेशक होती. नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या विधीत त्यांनी पेयोटी नावाचं निवडुंग सेवन केलं, म्हणून नोकरी गेली. मग बेकारभत्ताही नाकारला गेला, कारण राज्याच्या कायद्यात पेयोटी अमली पदार्थ होता. 1963 पासून न्यायालयाची रीत अशी होती की कायद्यामुळे कुणाच्या धर्माचरणावर मोठा भार पडत असेल, तर तो भार का अत्यावश्यक आहे हे सरकारने पटवून द्यायचं. 1990 च्या निकालात न्यायमूर्ती स्कालिया यांनी ही रीत बहुतांशी मोडीत काढली. कायदा सर्वांना सारखा लागू असेल आणि मुद्दाम धर्मावर रोखलेला नसेल, तर धर्मासाठी सूट मागता येणार नाही.

ऐकायला हे न्याय्य वाटतं. सर्वांना एकच नियम, आणखी काय हवं? पण त्याच वर्षी ऱ्होड आयलंडमध्ये जे घडलं ते पाहा. लाओसमधून आलेल्या ह्मोंग समाजातल्या एका दांपत्याच्या मुलाचं त्यांच्या संमतीशिवाय आधीच शवविच्छेदन झालं होतं. देह चिरला तर आत्म्याला गती नाही, अशी त्यांची श्रद्धा. जिल्हा न्यायाधीशाने आधी त्यांच्या बाजूने निकाल दिला होता. पेयोटीचा निकाल आल्यावर त्याला तो मागे घ्यावा लागला, आणि तसं करताना आपल्याला किती दुःख होतंय हे त्याने निकालपत्रातच नोंदवलं. शवविच्छेदनाचा नियम काही ह्मोंग लोकांना त्रास द्यायला केलेला नव्हता. बहुसंख्य लोक नियम करतात तेव्हा अल्पसंख्यांचा विधी त्यांच्या ध्यानातही नसतो, इथेच खरी गोम आहे.

यावर साठहून अधिक संघटनांची आघाडी उभी राहिली. नागरी हक्कवाले डावे, इव्हँजेलिकल उजवे, ज्यू संस्था, सगळे एका टेबलाशी बसले. आघाडीचे अध्यक्ष होते बॅप्टिस्ट जॉइंट कमिटीचे तेव्हाचे मुख्य वकील ऑलिव्हर थॉमस. तीन वर्षांच्या खटपटीनंतर 1993 मध्ये धर्मस्वातंत्र्य पुनर्स्थापनेचा कायदा झाला. सिनेटमध्ये 97 विरुद्ध 3 मतं पडली आणि 16 नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केली. कायद्याचं सूत्र सरळ आहे. धर्माचरणावर मोठा भार पडतोय हे नागरिकाने दाखवायचं. मग सरकारने दोन गोष्टी सिद्ध करायच्या. एक, हेतू खरोखर निकडीचा आहे. दोन, तो साधायला याहून कमी जाचक मार्ग नाही.

पण चारच वर्षांनी, 1997 मध्ये, टेक्सासमधल्या बर्नी गावच्या एका कॅथलिक चर्चच्या खटल्यात न्यायालयाने हा कायदा राज्यांपुरता रद्द केला. चर्चला इमारत वाढवायची होती, गावाने वारसा-इमारतींचा नियम दाखवून परवानगी नाकारली होती. काँग्रेसला राज्यांवर एवढा अधिकार नाही, असं न्यायालय म्हणालं. केंद्र सरकारपुरता कायदा शिल्लक राहिला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. 2000 साली अरुंद पण भक्कम पायावरचा नवा कायदा झाला. त्यात फक्त दोन विषय घेतले, प्रार्थनास्थळांच्या जागा आणि कैद्यांचं धर्माचरण. वॉकर तेव्हा कमिटीचे प्रमुख झाले होते.

जागेचा विषय आपल्या लोकांच्या थेट परिचयाचा आहे. अमेरिकेत मंदिर, मशीद किंवा गुरुद्वारा बांधायचा म्हटलं की वाहतूक वाढेल, पार्किंग नाही, गोंगाट होईल, अशी कारणं पुढे येतात. कॅलिफोर्नियातल्या युबा सिटीच्या शीख संस्थेला दोन वेगवेगळ्या जागांवर नकार मिळाला. तिने याच 2000 च्या कायद्याखाली दाद मागितली आणि 2006 मध्ये अपील न्यायालयात जिंकली. तिथल्या मराठी कुटुंबांच्या देवळालाही याच कायद्याचा आधार आहे. त्यामागे बॅप्टिस्ट वकिलांचे कष्ट आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

कैद्यांचा विषय 2015 मध्ये आर्कन्सासच्या एका मुस्लिम कैद्यामुळे गाजला. त्याला अर्धा इंच दाढी ठेवायची होती. तुरुंगाचं म्हणणं, दाढीत वस्तू लपवता येतात. त्याच तुरुंगात त्वचाविकार असलेल्या कैद्यांना पाव इंच दाढीची मुभा होती आणि डोक्यावरच्या केसांना अशी हरकत नव्हती. चाळीसहून अधिक राज्यांत अशा दाढीला बंदी नव्हती. अर्ध्या इंचात काय लपणार, आणि शंका असेल तर दाढी विंचरून का पाहत नाही, असं न्यायमूर्तींनी विचारलं. निकाल एकमताने कैद्याच्या बाजूने लागला. ‘कमी जाचक मार्ग’ हे कलम प्रत्यक्षात कसं चालतं, ते इथे स्पष्ट दिसतं.

कोर्टाबाहेरचं काम तितकंच मोठं, पण त्याची बातमी होत नाही. शाळेत मुलाने डबा खाण्याआधी प्रार्थना केली तर चालतं का? चालतं. बायबल दप्तरात आणलं तर? चालतं. शिक्षकांनी वर्गाकडून प्रार्थना म्हणवून घेतली तर? नाही. एवढं साधं मुख्याध्यापकांना कळावं म्हणून 1995 मध्ये वेगवेगळ्या धर्मांच्या आणि विचारांच्या संघटनांनी चालू कायद्याचं एक संयुक्त निवेदन तयार केलं. कमिटी ते लिहिण्यात होती. 1998 मध्ये शाळांतल्या प्रार्थनेला वाट करून देणारी घटनादुरुस्ती प्रतिनिधीगृहात आली, तेव्हा कमिटीने तिला विरोध केला. बाजूने 224, विरोधात 203. बहुमत मिळालं, पण घटनादुरुस्तीला लागणारं दोन तृतीयांश नाही.

आणि याची किंमत मोजावी लागली. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन हा अमेरिकेतला सर्वांत मोठा प्रॉटेस्टंट संप्रदाय. 1980 च्या दशकात त्याची सूत्रं सनातनी गटाकडे गेली. शाळेतल्या प्रार्थनेवर कमिटीची भूमिका त्यांना पटेना, आणि 1990-91 मध्ये त्यांनी कमिटीचा निधी तोडला. म्हणजे वॉकर रुजू झाले आणि पाठोपाठ सर्वांत मोठा देणगीदार गेला. इतर बॅप्टिस्ट संघ, मंडळ्या आणि व्यक्तींच्या वर्गणीवर कमिटी टिकली. विरोधकांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. सरकार सगळीकडे पसरलं आहे, शाळा, दवाखाने, अनुदानं, आणि तिथून धर्माला वगळायचं म्हणजे धर्म घरातच कोंडणं, असं त्यांना वाटतं. पण चर्चने सरकारी पैसा घेतला की हिशेबासोबत हुकूमही येतो, हे बॅप्टिस्टांनी जुन्या मॅसॅच्युसेट्समध्ये भोगलं होतं. तिथे चर्चचा कर 1833 पर्यंत चालू होता. मला वॉकरांचं पारडं जड वाटतं.

भारतीय वाचकाने एक फरक ध्यानात ठेवावा. आपल्या घटनेचं कलम 25 सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या अधीन आहे, आणि समाजसुधारणेसाठी सरकारला धर्मात हात घालू देतं. अस्पृश्यता मोडायची होती, त्यामुळे ते लागणारच होतं. 1954 मध्ये शिरूर मठाच्या खटल्यापासून आपली न्यायालयं अमुक प्रथा त्या धर्माचा आवश्यक भाग आहे का, हे तपासू लागली. त्याच वर्षी मुंबई राज्याच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यावरचा निकालही आला. अमेरिकी न्यायाधीश हा प्रश्न टाळतो. श्रद्धा प्रामाणिक आहे का, एवढंच तो पाहतो. धर्मात काय आवश्यक हे न्यायाधीशाने सांगणं हीच बॅप्टिस्टाच्या दृष्टीने मोठी धोक्याची घंटा.

2017 पासून कमिटीची धुरा अमांडा टायलर या वकिलांकडे आहे आणि वारं उलट दिशेने वाहत आहे. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सामन्यानंतर मैदानात प्रार्थना करणाऱ्या सरकारी शाळेतल्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. 2024 मध्ये लुईझियानाने सरकारी शाळांच्या प्रत्येक वर्गात दहा आज्ञा लावण्याचा कायदा केला. मे 2025 मध्ये ओक्लाहोमातल्या कॅथलिक शाळेला सरकारी खर्चाची चार्टर शाळा म्हणून मान्यता देण्याचा प्रश्न चार विरुद्ध चार अशा बरोबरीत अडकला, म्हणून राज्य न्यायालयाचा नकार कायम राहिला. त्याच महिन्यात ॲरिझोनातल्या ओक फ्लॅटचं प्रकरण ऐकायला न्यायालयाने नकार दिला. अपाची या मूळ अमेरिकी जमातीची ती पवित्र भूमी, तिथे तांब्याची खाण व्हायची आहे. कमिटी अपाचींच्या बाजूने उभी होती. ओक्लाहोमाच्या बरोबरीतून कुठलाही पायंडा पडलेला नाही, त्यामुळे सरकारी पैशावरच्या धार्मिक शाळेचा प्रश्न दुसऱ्या एखाद्या राज्यातून पुन्हा न्यायालयापुढे येण्याची शक्यता आहे, आणि त्या वेळी नऊही न्यायमूर्ती बसले तर बरोबरी होणार नाही.